‘उद्यापासून नको’ म्हणण्याची सोय

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी इंदूरमध्ये गेली १९ वर्षे सॉफ्टवेअर-चाचणीचे काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम ग्राहकाच्या हाती जाण्यापूर्वी तो कुठे अडतो आणि कुठे चुकीचे वागतो हे शोधून त्याची रीतसर नोंद करणे, हा माझा व्यवसाय. त्याविषयी वर्तमानपत्राला पत्र लिहावे असे आजवर कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या दिवाळीत माझे वडील एका ॲपच्या मासिक वर्गणीत अडकले, ती सोडवण्यासाठी मी त्यांचा फोन हाती घेतला, आणि तिसऱ्या पडद्यापर्यंत पोहोचेतो माझ्या लक्षात आले की ही वाट मला अनोळखी नाही. अशीच एक वाट काही वर्षांपूर्वी मी स्वतः तपासून, योग्य असल्याचा शेरा मारून पुढे पाठवली होती. त्यामुळे या पत्रात तक्रार जितकी आहे तितकीच कबुलीही आहे.

वडील ७८ वर्षांचे आहेत, वीज मंडळातून निवृत्त झाले आणि रामबागेत राहतात. श्रावणात त्यांच्या एका स्नेह्यांनी जुनी नाट्यगीते ऐकवणारे ॲप त्यांना दाखवले. ‘पहिले ७ दिवस मोफत’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. यूपीआयचा आकडा टाकून एकदा होकार दिला की काम झाले. आठ दिवस त्यांनी मनसोक्त गाणी ऐकली, पुढे कंटाळा आला आणि त्यांनी ॲप फोनवरून काढून टाकले. दिवाळीपूर्वी बँकेत पासबुक भरून आणले तेव्हा त्यात दरमहा १४९ रुपये गेलेले दिसले. “अगं, मी तर ते केव्हाच काढून टाकलं,” असे ते मला पुन्हापुन्हा सांगत राहिले. वस्तू घरातून गेली की तिचा हिशेबही मिटला, अशी त्यांची समजूत होती, आणि वाण्याकडचे खाते महिनाअखेरीस चुकते करून वही मिटणाऱ्या पिढीची ही समजूत मला तरी गैर वाटत नाही. ॲप काढले तरी बँकेला दिलेली आज्ञा जागीच राहते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

मी ॲप पुन्हा उतरवून घेतले. वर्गणी बंद करण्याची सोय ‘माझे खाते’ या ठिकाणी नव्हती. ती ‘मदत’ या विभागात, नेहमीच्या प्रश्नांच्या यादीत, सातव्या की आठव्या प्रश्नाच्या उत्तरात एका शब्दाखाली दडलेली होती. त्या शब्दावर बोट ठेवल्यावर कारण विचारले गेले, मग निम्म्या दरात ३ महिने राहण्याचा प्रस्ताव आला, आणि त्यानंतर ‘या सुरांना खरोखर निरोप देणार?’ अशा भावुक प्रश्नाखाली हिरव्या रंगाचे ठसठशीत बटण दिसले, ‘नाही, मी राहतो’. पुढे जाण्याची ओळ त्याखाली फिकट करड्या रंगात होती. माझ्या फोनवर ती निदान दिसत होती. वडिलांच्या फोनवर दिसतच नव्हती. कारण डोळ्यांना त्रास होतो म्हणून त्यांनी अक्षरे सर्वांत मोठी करून ठेवली आहेत, त्यामुळे ती ओळ पडद्याच्या खाली ढकलली गेली होती आणि ते पान वर सरकतच नव्हते. मी विचारल्यावर ते म्हणाले की पासबुक पाहिल्यावर त्यांनीही हा खटाटोप करून पाहिला होता, हिरवे बटण ३ वेळा दाबले होते, आणि दर वेळी ॲपने त्यांचे आभार मानले होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कोणताही लिखित नियम मोडला गेला असे मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही. अशा आवर्ती वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेने घालून दिलेली चौकट १ ऑक्टोबर २०२१पासून कसोशीने लागू झाली आहे, आणि तिच्यानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. सूचना आली होती; चारही महिने आली होती. ती इंग्रजीत होती, आणि कर्ज देऊ करणाऱ्या, सवलती सांगणाऱ्या संदेशांच्या ढिगाऱ्यात पडलेली होती. गंमत अशी, की मूळ आज्ञा यूपीआयच्या ॲपमधील ‘ऑटोपे’ विभागात जाऊन रद्द करायला मला दोन मिनिटेही लागली नाहीत. म्हणजे नियामकाने जी वाट बांधली ती सरळ आहे आणि ज्याला पैसे मिळतात त्याने बांधलेली वाट वळणावळणाची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर कंपनीने २ महिन्यांचे पैसे परत केले. उरलेल्या २ महिन्यांचा विषय वडिलांनीच सोडून दिला.

आता माझ्या कबुलीकडे वळते. पूर्वीच्या एका नोकरीत आमच्याकडे परदेशी ग्राहकाचे एक शिकवणीचे ॲप तपासायला होते. सदस्यत्व घेण्यासाठी १ पडदा आणि सोडण्यासाठी ५ पडदे. त्यातही चौथ्या पडद्यावर मागे जाण्याची खूण दाबली की सारे पुन्हा पहिल्यापासून. मी नेहमीप्रमाणे बग, म्हणजे प्रोग्राममधला दोष, नोंदवला, त्याला गंभीर दर्जा दिला आणि पडद्यांची चित्रे जोडली. दुसऱ्या दिवशी तिकीट, म्हणजे ती नोंद, परत आले. त्यावर ‘वर्क्स ॲज डिझाइन्ड’ असा शेरा होता, म्हणजे जसे हवे तसेच चालले आहे. दुपारच्या बैठकीत प्रॉडक्ट मॅनेजरने, अतिशय सौजन्याने, मला आकडे दाखवले. निम्म्या ग्राहकांना छोटी वाट दाखवून पाहिली होती आणि निम्म्यांना लांब. लांब वाटेवरचे कितीतरी लोक मध्येच थकून परत फिरले होते. आमच्या भाषेत त्याला ‘चर्न कमी होणे’ म्हणतात. थकून परत फिरलेला माणूस आणि समाधानाने राहिलेला माणूस हे दोघेही त्या तक्त्यात एकाच रकान्यात बसतात. एवढी साधी त्रुटी त्या खोलीतील आम्हा सर्वांच्या ध्यानात आली नसेल असे मी म्हणणार नाही. मी तिकीट बंद केले. अप्रेझल, म्हणजे आमच्या कामाचे मूल्यमापन, पुढच्याच महिन्यात होते.

असे अनुभव फक्त मध्यम आकाराच्या कंपन्यांतच येतात असेही नाही. अमेरिकेत ग्राहकहिताचे रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने ॲमेझॉनविरुद्ध जून २०२३मध्ये दाखल केलेल्या तक्रारीत म्हटले होते, की ‘प्राइम’ सदस्यत्व सोडण्यासाठी ४ पाने, ६ क्लिक आणि १५ पर्याय पार करावे लागत, आणि या मार्गाला कंपनीत ‘इलियड’ या नावाने ओळखले जाई. ट्रॉयच्या रेंगाळलेल्या युद्धावरील होमरच्या महाकाव्याचे ते नाव आहे. ज्याने ते दिले त्याला विनोदबुद्धी होती, आणि आपण काय बांधतो आहोत याची पुरती जाणीवही होती. सप्टेंबर २०२५मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता २५० कोटी डॉलरची तडजोड केली, त्यांपैकी १५० कोटी डॉलर ग्राहकांना परत देण्यासाठी होते. या प्रकरणात मला दंडाच्या रकमेपेक्षा ते टोपणनाव अधिक बोलके वाटते. ग्राहकाला जे वर्षानुवर्षे सिद्ध करावे लागते, ते आत बसलेल्या माणसांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

मग ही माणसे बोलत का नाहीत, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शोधताना मला असे दिसते, की ग्राहकासाठी बाहेरचे दार जसे अरुंद करून ठेवलेले आहे तसेच ते कर्मचाऱ्यासाठीही आहे, आणि दोन्ही दारांचा सुतार एकच आहे. आमच्या क्षेत्रात ९० दिवसांचा नोटीस पिरियड आता सर्रास लिहिला जातो. नवी कंपनी तितके थांबायला तयार नसते. जुनी कंपनी पैसे भरून लवकर सुटण्याची परवानगी द्यायची की नाही हे स्वतःच्या मर्जीवर ठेवते. आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळे केल्याचे पत्र, हाती पडेपर्यंत पुढच्या नोकरीतही जीव टांगणीला असतो. नव्याने लागलेल्या मुलांकडून बाँड लिहून घेतले जातात. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २७नुसार कोणाला आपला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो हे खरे. परंतु ठरावीक मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची एका सरकारी बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये वैध ठरवली आहे, तेव्हा प्रत्येक बाँड आपोआप कागदाचा तुकडा ठरतो या भ्रमात मुलांनी राहू नये.

हेच दार उलट दिशेने मात्र क्षणात उघडते. गूगलने जानेवारी २०२३मध्ये सुमारे १२,००० जणांना कमी केले तेव्हा अनेकांना ती बातमी ई-मेलवरून कळली. टीसीएसने जुलै २०२५मध्ये आपल्या मनुष्यबळाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे १२,०००हून अधिक पदे कमी करणार असल्याचे जाहीर केले. आमच्या सुपर कॉरिडॉरवर मोठ्या कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा इंदुरी मराठी घरांत, आता पोरांना पुण्याला जावे लागणार नाही म्हणून पेढे वाटले गेले होते, आणि त्या आनंदात मीही होते. आज त्याच घरांतील आयांना ‘बेंच’ (हाती प्रकल्प नसताना बसून राहणे) या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

माझ्या शेजारची मुलगी विजयनगरच्या एका कॉल सेंटरमध्ये वर्षभर होती. वर्गणी बंद करण्यासाठी फोन करणाऱ्यांना ‘थांबवून धरणे’ हेच तिचे काम होते, आणि दर पाळीत किती जणांना थांबवले यावर तिचा इन्सेंटिव्ह ठरे. समोरचा माणूस रागावला की तिला वाईट वाटे, कारण त्याचे म्हणणे तिला पटत असे. पण ते पटल्याचे तिने बोलून दाखवले आणि संभाषण ध्वनिमुद्रित झाले तर तिचेच गुण कापले जात. तिने नोकरी सोडली तेव्हा तिला शेवटच्या महिन्याचा पगार मिळायला ११ आठवडे लागले. दर वेळी तिला सांगितले जाई, की तुमची विनंती प्रक्रियेत आहे. हेच वाक्य ती वर्षभर इतरांना ऐकवत आली होती.

वस्तूंच्या बाबतीतही मामला फारसा वेगळा नाही. माझ्या फोनची काच फुटल्यावर मी ती जेल रोडवरच्या डॉलर मार्केटमध्ये बदलून घेतली. कारागिराने काम नेटके केले, पण फोन आता दर काही दिवसांनी ‘भाग अस्सल असल्याची खात्री होत नाही’ असा इशारा देतो आणि बोटाचा ठसा ओळखायचे त्याने सोडून दिले आहे. कंपनीच्या दुकानाबाहेर पडलात त्याची ही आठवण. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आहे हे स्तुत्य आहे. माझ्या कारागिराला मात्र सुट्या भागाला फोनशी जुळवून देणारे सॉफ्टवेअर हवे आहे, आणि ते कंपनी सोडून कोणाकडे नाही.

या सगळ्यावर माझे सहकारी दोन आक्षेप घेतात, आणि दोन्हींत थोडे तथ्य आहे. एक म्हणजे, कंपनीने धंदा करायचा की नाही? अवश्य करावा. मासिक वर्गणी या कल्पनेशी माझे भांडण नाही; १४९ रुपयांत महिनाभर गाणी ऐकायला मिळणे हा सौदा वाईट नव्हे, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टींची किंमत आपण आपल्या माहितीने मोजतो हेही मला ठाऊक आहे. दुसरा आक्षेप असा, की ग्राहकाने वाचून सही करावी. बरे, वडिलांनी वाचले असते तरी काय कळले असते? रद्द करण्याची सोय कुठे ठेवली आहे आणि तेथवर पोहोचायला किती पडदे लागतील, हे त्या अटींच्या लांबलचक मजकुरात कुठेच नव्हते. मी तो नंतर संपूर्ण वाचला.

बाहेरचे दार नियमाने रुंद करता येते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. २० जानेवारी २०११पासून मोबाइलचा क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर लागू झाली. त्याआधी कंपनीच्या सेवेला कितीही विटलो तरी आपण जागचे हलत नव्हतो, कारण क्रमांक बदलला की नातेवाईक, बँक, गॅसवाला, सगळ्यांना नव्याने कळवावे लागे. आता १९०० या क्रमांकावर एक संदेश पाठवला की सोडून जाण्याची प्रक्रिया सुरू होते, आणि जिला सोडायचे त्या कंपनीच्या ‘मदत’ विभागात शिरावे लागत नाही. माझ्या मते सगळे मर्म येथे आहे. निघण्याचा अर्ज, ज्याच्याकडून निघायचे त्याच्याच हाती देण्याची सक्ती नसावी.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पडद्यांच्या रचना, यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकारांची नावे आहेत: खोटी घाई करणे, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, शेवटपर्यंत किंमत थोडीथोडी वाढवत नेणे, आणि वडील ज्यात सापडले तो वर्गणीचा सापळा. तत्त्वे उत्तम लिहिलेली आहेत. जून २०२५मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स मंचांना ३ महिन्यांत स्वतःचे स्वतः परीक्षण करायला सांगितले, आणि नोव्हेंबरात २६ मोठ्या मंचांनी आपल्याकडे असे काही नसल्याची घोषणा केली. ही घोषणा वाचून माझ्यातली टेस्टर अस्वस्थ झाली. हे परीक्षण कोणत्या आकाराच्या फोनवर केले? अक्षरे किती मोठी ठेवून? कोणत्या भाषेत, आणि नवे खाते काढून की चार वर्षे जुन्या खात्यातून? आमच्याकडे साध्या लॉगिनच्या पानाची चाचणीसुद्धा या तपशिलांशिवाय कोणी ग्राह्य धरत नाही. ‘आम्ही पाहिले, सर्व ठीक आहे’ एवढे लिहून एखाद्या शिकाऊ मुलाने मला अहवाल दिला असता, तर मी तो परत पाठवला असता.

म्हणून माझे मागणे मोठे नाही, पण नेमके आहे. स्वपरीक्षणाचा अहवाल प्रसिद्ध व्हावा, आत येण्याचे व बाहेर पडण्याचे पडदे मोजून त्यात लिहिलेले असावेत, आणि बाहेरची संख्या आतल्या संख्येपेक्षा अधिक असल्यास तेवढ्यानेच तो मंच दोषी धरला जावा. मग हेतू काय होता याची चर्चा नको. चाचणी सर्वांत मोठ्या अक्षरांत आणि ज्या भाषेत जाहिरात केली त्या भाषेत व्हावी. अहवालावर, ज्याने प्रत्यक्ष चाचणी केली त्याची सही असावी, आणि त्याने नोंदवलेला आक्षेप कोणी व का फेटाळला हे त्याखाली राहावे. याच ठिकाणी कर्मचाऱ्याच्या संरक्षणाचा प्रश्न येतो. गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठी २०१४ साली झालेला कायदा सरकारी कारभाराविषयीच्या तक्रारींपुरता आहे. कंपनी कायदा, २०१३ने तक्रार-यंत्रणेचे बंधन घातले आहे ते सूचिबद्ध आणि ठरावीक वर्गांतील कंपन्यांवर, आणि ती यंत्रणाही कंपनीच्या आतलीच. इंदूरमधल्या दीडशे माणसांच्या खासगी कंपनीत, ९० दिवसांच्या नोटिशीला बांधलेली आणि घराचे हप्ते फेडणारी टेस्टर, ‘हा बग आहे’ यावर दुसऱ्यांदा अडून बसेल अशी अपेक्षा करण्यापूर्वी तिला उभे राहायला जागा द्यावी लागेल. मी त्या वेळी अडून बसले नाही, हे वर लिहिलेच आहे. नोटीस पिरियडही दोन्ही बाजूंना सारखाच असावा. मालकाला एका संध्याकाळी निरोप देता येत असेल, तर नोकराला ३ महिने अडकवून ठेवण्याचे समर्थन मला तरी सापडत नाही.

जाता जाता एक विनंती आपल्यालाही आहे. आपल्या दैनिकाची डिजिटल आवृत्ती आहे आणि तिचीही वर्गणी आपोआप पुढे चालू राहते. फोनवरची अक्षरे सर्वांत मोठी करून ती वर्गणी बंद करायला किती पडदे लागतात, हे आपल्या कार्यालयातील कोणी एकदा मोजावे आणि जो आकडा येईल तो छापावा. वडील तो नक्की वाचतील. ते अजून कागदी अंकच घेतात. इंदुरात तो एक दिवस शिळा मिळतो, पण तो बंद करायचा झाला तर सकाळी पेपरवाल्याला दारातूनच “उद्यापासून नको” एवढे म्हटले की पुरते.

आपली नम्र,
एक वाचक, इंदूर